पटाबाहेरचा चारा

रोमन आणि केल्ट यांची लढाई खेळायला चौरंगाएवढी जागा पुरते. 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' नावाचा एक नियमसंच आहे, खेळणारे त्याला नुसतं 'डीबीए' म्हणतात. फिल बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो १९९० साली प्रसिद्ध केला. दोन फूट लांबीरुंदीचा पट, दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या, फासे आणि एक मोजपट्टी, एवढंच साहित्य. तुकडी म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवलेली, दीड सेंटीमीटर उंचीची तीन-चार माणसं. दर फेरीला फासा टाकायचा आणि जेवढे ठिपके पडतील तेवढ्या हालचाली करायच्या. चार तुकड्या गेल्या, आणि समोरच्याच्या त्याहून कमी गेल्या असतील, तर तुम्ही हरलात. तासाभरात निकाल लागतो.

या खेळात इतिहास बसवलाय तो आकड्यांमध्ये. रोमन पायदळाची तुकडी दुसऱ्या पायदळाशी भिडली की तिची किंमत ५ धरतात. केल्टांच्या टोळीची किंमत ३, आणि मागे दुसरी टोळी रेटा द्यायला उभी असेल तर ४. दोघांनी एकेक फासा टाकून आपापल्या आकड्यात मिळवायचा. रोमन सरस ठरला तर टोळी बहुतेक वेळा फक्त मागे ढकलली जाते. ती मरायची तर रोमन बेरीज तिच्या दुप्पट तरी व्हावी लागते. पण टोळी सरस ठरली तर रोमन तुकडी थेट पटावरून उचलायची. दोन फाशांच्या ३६ शक्यता मांडून बघितल्या तर टोळी १० वेळा रोमनांना गारद करते, ५ वेळा बरोबरी होते आणि २१ वेळा रोमन जिंकतात. त्या २१ पैकी टोळी पटावरून जाते ती फक्त २ वेळा.

हे गणित मला आवडतं. आरडाओरडा करत डोंगरउतारावरून धावत येणारी माणसं पहिल्या धडकेत किती भयंकर असतात, आणि ती धडक वाया गेली की शिस्तीचं पायदळ त्यांना कसं पाऊल-पाऊल मागे रेटतं, हे पानभर वर्णनाऐवजी एका ओळीच्या नियमात आलंय.

आम्ही हा खेळ बारामतीत खेळतो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा एक मित्र. तो इंदापूरचा. दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे नियमसंच दिसला की तो उलगडून बघायची खोड दोघांनाही आहे. एका शनिवारी केल्ट हरल्यावर तो म्हणाला, "अरे, हे सगळं ठीक आहे. पण मालोजीराजे पडले ते आमच्या इंदापुरात. ती लढाई या पटावर का नाही मांडायची?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की भीमा-नीरेच्या मुलखातली लढाई या पटावर मावतच नाही. का मावत नाही, ते कळायला आधी केल्टांकडेच परत जावं लागलं.

वीस गावांचा धूर

सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाईचा अभ्यास करायची पद्धत प्रशियातून आली. १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या एका गृहस्थाने राजासाठी असा खेळ तयार केला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये तो नकाशावर आणला आणि सैन्यात रुजवला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तोच छंद दिवाणखान्यात नेला. वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेने खरोखर गोळी उडवून शिशाचे सैनिक पाडायचे. प्रशियन अधिकारी असो की वेल्स, लढाई म्हणजे दोन फौजा समोरासमोर येणं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पटाला कडा असतात, दोन्ही फौजा कडांच्या आत असतात आणि त्यांना भिडावंच लागतं.

केल्टांच्या सर्वांत हुशार सेनापतीने नेमकं हेच गृहीतक नाकारलं होतं. इसवी सनापूर्वी ५२ साली गॉलमधल्या टोळ्या व्हर्सिंगेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली सीझरविरुद्ध उठल्या. समोरासमोर उभं राहून रोमन पलटणी मोडता येणार नाहीत, हे त्याने ओळखलं. मग त्याने आपल्या लोकांपुढे वेगळाच बेत मांडला. लढायचं नाही, रोमनांना दाणा आणि चारा मिळू द्यायचा नाही. चाऱ्यासाठी त्यांना लहानलहान टोळक्यांनी पांगावं लागेल, तेव्हा घोडेस्वारांनी त्यांना वेचून मारायचं. आणि ज्या गावांत धान्य आहे ती गावं आपणच जाळायची. बिटुरिगेस या एका टोळीने एका दिवसात आपली वीसहून अधिक गावं पेटवली, असं सीझर लिहितो.

अवारिकम हे एक देखणं शहर मात्र त्या लोकांनी हातापाया पडून वाचवलं. सीझरने वेढा घातला आणि ते घेतलं. आत चाळीस हजार माणसं होती, त्यांतली जेमतेम आठशे सुटली, हा आकडा सीझरचाच. पुढे गर्गोव्हियाला सीझरने मार खाल्ला, आणि शेवटी अलेशियाला व्हर्सिंगेटोरिक्स अडकला. सीझरने गावाभोवती ११ मैलांची तटबंदी उभारली आणि बाहेरून येणाऱ्या मदतीला अडवायला तिच्याभोवती दुसरी १४ मैलांची. आत तीस दिवसांचं धान्य होतं.

अलेशियातला एक प्रसंग डीबीएच्या पटावर कधीच येत नाही. धान्य संपत आलं तेव्हा आतल्या फौजेने मूळ गावकऱ्यांनाच, मांडुबी नावाच्या टोळीच्या लोकांना, बायकामुलांसकट बाहेर काढलं. ते रोमन तटापाशी आले आणि आम्हाला गुलाम करा पण खायला द्या, म्हणून रडले. सीझरने पहारे बसवले आणि त्यांना आत घेतलं नाही. आतले दार उघडेनात, बाहेरचे घेईनात. सीझरने त्यांच्याबद्दल पुढे काही लिहिलं नाही. नंतरचा इतिहासकार कॅशिअस डिओ सांगतो, की ती माणसं दोन तटांच्या मधल्या जागेत मेली.

हे त्यांचंच गाव होतं. बाकी सगळे बाहेरून आलेले होते.

दहा हजार घोडी काय खातात

आता इंदापूर. आज बारामतीहून इंदापूरला जाताना दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, कालवे दिसतात, आणि भिगवणकडे वळलं तर उजनीच्या फुगवट्याचं पाणी आणि रोहित पक्षी. हे सगळं अलीकडचं आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, उजनी धरण १९८० चं. हे दोन्ही मनातून काढून टाकले, की उरतो पर्जन्यछायेतला उघडा माळ. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. सुपे-मोरगावच्या बाजूला गेलं की हा जुना मुलूख अजूनही दिसतो. ज्वारी, बाजरी, कुसळी गवत आणि मेंढरं.

या मुलखात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाही आणि मुघल यांची ओढाताण चालू होती. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. निजामशाही संपली असं वाटत असताना मलिक अंबर या हबशी सरदाराने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दक्षिणेत स्वस्थ बसू दिलं नाही. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बाजारांमागून बाजार बदलत दख्खनला पोहोचलेला हा माणूस. मालोजी आणि विठोजी हे भोसले बंधू निजामशाहीच्याच चाकरीत होते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा शहाजीराजे लहान होते. इंदापुरात मालोजीराजांची गढी म्हणून दाखवतात ती जागा याच काळाची आठवण आहे.

मुघल फौज पटावर मांडायची तर सोपी आहे. चिलखती घोडदळ, हत्ती, तोफा, बंदूकधारी. मुघल म्हणजे या गोष्टीतले रोमन, म्हणजे संख्या, शिस्त आणि खजिना. अवघड आहे ती दुसरी बाजू. मलिक अंबरची ताकद मराठा हलक्या घोडदळात होती. मुघल त्या स्वारांना 'बारगीर' म्हणत आणि त्यांच्या लढण्याला 'बारगीगिरी'. ते मुघल फौजेसमोर रांग धरून उभेच राहत नसत. रसदेच्या तांड्यावर पडायचे, चाऱ्याला गेलेली माणसं कापायचे, आणि मोठी फौज आली की पांगायचे.

हे किती परिणामकारक होतं ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. मोठ्या जातिवंत घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो, चंदी वेगळी. दहा हजार घोडी धरली तर रोजचा चारा झाला शंभर टन. एका एकरात एक टन कडबा निघतो असं धरलं, तर फौज एका जागी बसून रोज शंभर एकरांचा कडबा खाते. दहा दिवसांत हजार एकर. जवळचं संपलं की लांबून आणायचं. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो म्हटलं तर रोज हजार बैल हवेत, आणि ते बैलही खाणारच. हत्ती, तोफा ओढणारे बैल, बाजारबुणगे हे अजून हिशोबात धरलेले नाहीत. जितकी फौज मोठी तितका तिचा चाऱ्याचा घेर मोठा, आणि जितका घेर मोठा तितकी चाऱ्याला गेलेली माणसं छावणीपासून लांब. बारगीर तिथेच वाट बघत असायचा.

त्याचं स्वतःचं घोडं वेगळं होतं. भीमेच्या काठची तट्टं बुटकी आणि चिवट. मिळेल ते गवत खाऊन लांब पल्ला मारणारी. भीमथडीचं हे घोडं आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदलं गेलंय. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगताना ते कुठल्या नदीचं पाणी प्यालं ते आपण अभिमानाने सांगतो. माझ्या मते त्याचा मोठा गुण हा, की ते कमी खायचं.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा मलिक अंबरवर चालून आल्या. त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी आणि चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि मग उरलेल्या, दमलेल्या फौजेवर हल्ला केला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांनी इथेच नाव कमावलं आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. भातवडीची शेवटची धडक पटावर मांडता येईल. पण ती मांडायची वेळ येईपर्यंत लढाईचा निकाल लागलेला होता.

या सगळ्यावर मुघलांचं उत्तर काय होतं, ते एका चित्रात दिसतं. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने जहांगीर बादशहाचं एक लघुचित्र काढलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती अंबर कधीच लागला नाही. तो १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, स्वतःच्या मरणाने गेला. बादशहाने त्याला मारलं ते कागदावर, छोट्या आकारात. आपण पटावर जे करतो त्याची ही शाही आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

घोड्यांच्या चाऱ्याचं पत्र

इथपर्यंत वाचून गनिमी काव्याचा अभिमान वाटतो. मलाही वाटतो. पण चाऱ्याचा हिशोब एकदा मांडायला घेतला, की तो सोयीच्या जागी थांबवता येत नाही. मुघलांनी रोज शंभर एकरांचा कडबा खाल्ला, तो कुणाचा? बारगिरांनी मुघलांना मिळू नये म्हणून गंजी पेटवल्या, त्या कुणाच्या?

मलिक अंबरला हा प्रश्न माहीत होता असं त्याच्या कारभारावरून वाटतं. जमिनीची प्रत आणि पीक बघून, रोखीत, ठरावीक सारा घ्यायची त्याची पद्धत महाराष्ट्रात पुढे कितीतरी पिढ्या 'मलिकंबरी' म्हणून लक्षात राहिली. लढाईत ज्याची भिस्त गावांवर, त्याला गावं टिकवावीच लागतात. पण त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांत जे झालं त्यात गावं टिकली नाहीत. १६३० च्या सुमारास शहाजीराजांचं पुणे आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळून उद्ध्वस्त केलं. गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकल्याची कथा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्याच वेळी १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. देहूला तुकोबांचं घर त्यात होरपळलं. पुण्याची कसबा पेठ पुन्हा वसली, सोन्याचा नांगर फिरला, हे आपल्याला पाठ आहे. सुप्याच्या, इंदापूरच्या माळावरची कुठली वाडी पुन्हा वसली आणि कुठली नाही, ते पाठ्यपुस्तकात येत नाही.

या हिशोबाची सर्वांत स्पष्ट जाणीव दाखवणारा कागद शिवाजी महाराजांचा आहे. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली रयतेला त्रास देऊ नका ही आज्ञा बहुतेकांना आठवते. पूर्ण पत्र वाचलं तर ते बरंचसं चाऱ्याच्या व्यवस्थापनाचं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानेल तसं उधळलं तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून दाणा, भाकरी, गवत ओरबाडायला लागाल. मग ते गाव सोडून जातील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मुघल बरे. पुढे तर गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि आग लागेल, इतका बारीक तपशील आहे. ज्याच्या नावाने आपण गनिमी कावा ओळखतो, तो राजा पत्रात उंदराची आणि गवताची काळजी करतोय. पटावर न मावणारं युद्ध त्याला नेमकं दिसत होतं.

सव्वाशे वर्षांनी हीच जाणीव पूर्ण हरवलेली दिसते. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचा सरदार फतेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. २५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. हडपसरला दोन्ही बाजूंना गोऱ्या अधिकाऱ्यांनी शिकवलेल्या कवायती पलटणी होत्या, तोफखाने होते. आता मराठेही रोमन झाले होते. हडपसर डीबीएसारख्या पटावर अगदी व्यवस्थित मांडता येईल. बाजीराव पळाला, वर्षअखेरीस वसईचा तह झाला, हे राजकारण सगळ्यांना माहीत आहे. फौजांच्या लुटीने आणि पावसाने दिलेल्या दग्याने पुढच्या दोन वर्षांत या भागात जो मोठा दुष्काळ पडला, तो मात्र लढाईच्या निकालात कुणी धरत नाही.

गावांची मोजणी शेवटी झाली, पण तीही वेगळ्याच कारणाने. १८३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीन महसूल पद्धत सर्वांत आधी लागू केली ती इंदापुरात. आधीच्या प्रिंगलच्या मोजणीने बसवलेला सारा लोकांना झेपत नव्हता, जमिनी ओस पडत होत्या. यांनी शेतागणिक मातीची खोली, रंग आणि दोष बघून प्रत ठरवली, तिला आण्यांत किंमत दिली आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मला तो अहवाल नियमसंचासारखा वाटतो. माती हा घटक, तिची किंमत इतके आणे, दगड-गोट्यांसाठी इतके वजा. कुठल्याच लढाईच्या वर्णनात न आलेला इंदापूरचा शेतकरी इथे आकडा म्हणून का होईना, पहिल्यांदा दिसतो. आणि आकडा चुकला तर काय होतं तेही याच मुलखाने दाखवलं. तीस वर्षांनी सारा वाढला, कापसाचे भाव पडले, कर्ज चढलं, आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून जे इतिहासात नोंदलं गेलं त्याची सुरुवात इथली.

सहा चौकोन

म्हणून मित्राच्या प्रश्नाचं उत्तर देताना आम्ही फौजा तशाच ठेवल्या आणि पटावर आणखी काही ठेवलं. हिरव्या पुठ्ठ्याचे सहा चौकोन, म्हणजे सहा गावं. प्रत्येक गावावर चाऱ्याच्या चार सोंगट्या. मुघलांना दर फेरीला चार सोंगट्या लागतात, दख्खनी फौजेला एक. मिळाल्या नाहीत तर लढताना एक गुण वजा, सलग दोन फेऱ्या मिळाल्या नाहीत तर तुकडी जागची हलत नाही. मुघलांना पटाच्या एका कडेने बैलांचा तांडा आणता येतो. गावात पोचलेली कुठलीही तुकडी ते गाव जाळू शकते. जाळलं की चौकोन उलटा, काळी बाजू वर.

पहिल्या डावात मित्राने दख्खनी बाजू घेतली आणि लढाईचा एकही फासा न टाकता जिंकला. त्याने सरळ गावं जाळत नेली. सातव्या फेरीला माझी मुघल फौज पटाच्या मध्यात हलता न येता उभी होती आणि सहापैकी पाच चौकोन काळे होते. नियमांप्रमाणे निर्विवाद विजय. व्हर्सिंगेटोरिक्सचा बेत याहून चांगला कुणी राबवला नसेल.

दोघंही थोडा वेळ त्या पटाकडे बघत बसलो. त्याचं आजोळ भीमेकाठी, उजनीत गेलेल्या गावांपैकी एक. धरणात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लोक जातात, आणि त्याच्या घरचे आपली आळी कुठे होती ते चिखलात बोटाने दाखवतात. तो म्हणाला, "हे जिंकणं मोजायचं कुणाच्या बाजूने?"

दुसऱ्या डावासाठी आम्ही चिपळूणच्या पत्रातून एक नियम घेतला. नवव्या फेरीला पावसाळा. पावसाळ्यात कुणालाच हलता येत नाही. दोन्ही फौजांनी छावणी करायची आणि उभ्या असलेल्या गावांतूनच खायचं. गाव उरलं नसेल तर तट्टंही मरतात. शेवटी उभी गावं मोजायची आणि ती ज्याच्या ताब्यात, त्याला दुप्पट गुण.

खेळ लगेच बदलला. जाळणं महाग झालं. दख्खनी फौज गावांपासून लांब, पटाच्या कडेला सरकली आणि येणाऱ्या तांड्यांवर पडायला लागली. लढाया होऊ लागल्या, पण लहान आणि कडेला. मुघलांनाही एका गावात ठाण मांडून ते ओरबाडणं परवडेना, त्यांना फौज पांगवावी लागली, आणि पांगवली की बारगीर येणार. जे मलिक अंबरने वर्षानुवर्षं केलं त्याच्या जवळ जाणारं काहीतरी पटावर दिसायला लागलं. यातून इतिहास सिद्ध होत नाही, दोन मित्रांचा घरगुती खेळच तो. पण विजय कशात मोजायचा ते बदललं की तेच सेनापती, तीच घोडी, वेगळं युद्ध लढतात, एवढं मात्र समोर दिसतं.

रोमन आणि केल्ट यांच्या सैनिकांचे संच बाजारात विकत मिळतात. तलवारवाले, भालेवाले, रथ, निशाणं, शिंगं फुंकणारे. डीबीएच्या पटावर छावणीसुद्धा असते आणि ती लुटली गेली तर नुकसान धरतात. मांडुबी मात्र त्या संचात नसतात. दोन तटांच्या मधली ती जागा प्रत्येक डावात मोकळी असते आणि आपण तिला मोजपट्टीने मोजतो.

आपल्याकडे मातीचे सैनिक मांडायची जुनी रीत आहे आणि तिच्यात ही उणीव नाही. दिवाळीच्या आधी बारामतीच्या बाजारात हातगाड्यांवर किल्ल्याची चित्रं येतात. महाराज, मावळे, तोफा असतातच. त्यांच्याच शेजारी डोक्यावर घागर घेतलेली गवळण असते, भाजीवाली असते, बैलगाडी, मोट, नांगरणारा कुणबी असतो. आकाराचा मेळ कुणी बघत नाही, गवळण किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असते. पोरं मावळे बुरुजावर ठेवतात आणि ही बाकीची माणसं पायथ्याशी, कारण किल्ल्याखाली गाव असतं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात, पाणी शिंपडतात, आणि तीन-चार दिवसांत तिथे खरोखरचं हिरवं उगवतं.

त्या हातगाडीवरून आम्ही सहा कुणबी आणले. प्रत्येक चौकोनावर एक उभा असतो. आमच्या दीड सेंटीमीटरच्या घोडेस्वारांपुढे ते राक्षसासारखे दिसतात. डाव संपला की सैनिक गोळा करायच्या आधी आम्ही त्यांतले किती उभे आहेत ते मोजतो.